पाजणाऱ्याने प्यावे काय?

सांगलीहून तासगावच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर माधवनगर येते. कापडगिरणी आणि यंत्रमाग यांच्या आधाराने वाढलेली ही वसाहत. साच्यावर उभ्या राहणाऱ्या कामगाराने पिऊन कामावर यावे, ही गोष्ट अशा गावात कोणा मुकादमाला खपली नसती आणि शेजारच्या साच्यावरील कामगारालाही खपली नसती. फिरत्या यंत्राजवळ धुंद मनुष्य उभा असणे म्हणजे त्याच्या स्वतःच्या व इतरांच्याही हातापायांशी खेळ, हे सांगण्यास तेथे कोणा पंडिताची गरज नव्हती. परंतु दिवेलागणीनंतर जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या रस्त्याने जावे, तर परमिट रूमच्या पाट्या उजळलेल्या दिसतात. तेथे काउंटरमागे उभा राहून पेग भरणारा, टेबलाशी नेऊन ठेवणारा आणि रात्री शेवटी गल्ला मोजून देणारा मनुष्य हाही एक कामगारच आहे. त्याने काम करता करता प्यावे की नाही, हा प्रश्न काढला तर मात्र पुष्कळांना हसू येते. दारूच्या दुकानात दारू प्यायची नाही तर काय प्यायचे, असा विनोदही केला जातो. आमच्या मते हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही.

महाराष्ट्राने मद्याविषयी वाद कमी घातले आहेत असे कोणी म्हणणार नाही. १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला, १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आली आणि पुढे साठीच्या दशकात ती सैल करण्यात आली. कायद्याचे नाव आजही दारूबंदीचेच आहे, आणि पिणाऱ्याजवळ परवाना असावा या त्याच्या अटीतूनच 'परमिट रूम' हे नाव रूढ झाले. २००५ मध्ये, याच तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील राज्याचे गृहमंत्री असताना, डान्स बारवर बंदी आली आणि तिचा वाद सर्वोच्च न्यायालयात २०१९ पर्यंत चालला. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांलगतची दुकाने हटविण्याचा आदेश दिला. तेव्हा पाचशे मीटर कोठून मोजावयाचे, कमी वस्तीच्या गावाला दोनशेवीस मीटर पुरेत काय, महापालिकेच्या हद्दीला एक न्याय आणि हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतीला दुसरा का, यांवर महिनोन्‌महिने खल झाला. दुकान कोठे असावे, ते किती वाजता मिटावे, तेथे कोणी नाचावे, कोणत्या वयाच्या माणसाने प्यावे, या सर्वांची चर्चा आपण केली. दुकानात पेला भरून देणाऱ्या माणसाची शुद्ध कशी असावी, ही गोष्ट मात्र या चर्चेत कधी ठळकपणे आली नाही.

त्या माणसाचे काम काय असते ते नीट पाहिले पाहिजे. पहिले काम मोजण्याचे. तीस मिली म्हणजे तीसच मिली, आणि मागितले तेच मद्य, यावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसलेला असतो. दुसरे काम हिशेबाचे. चार टेबलांचे पेग डोक्यात ठेवावयाचे आणि रात्रीअखेर गल्ला जुळवावयाचा. तिसरे काम सर्वांत कठीण. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला आता पुरे झाले आहे, हे ओळखावयाचे आणि ते त्याला न दुखविता सांगावयाचे. इंग्लंडात धुंद झालेल्या माणसाला आणखी मद्य विकणे हा २००३ च्या परवाना कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. आपल्याकडेही बाहेर उभी असलेली मोटारसायकल घेऊन हा मनुष्य रस्त्यावर जाणार की नाही, हे ठरण्याची अखेरची जागा म्हणजे तो काउंटरच होय. पोलीस पुढच्या नाक्यावर असतो, आणि नाक्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच पुष्कळदा व्हावयाचे ते होऊन गेलेले असते.

आता थोडा हिशेब करू. आपल्याकडील व्हिस्की वा रम बहुधा ४२.८ टक्के मद्यार्काची असते. तिच्या तीस मिलीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्क येतो, आणि तेवढा निचरून टाकण्यास सामान्य शरीराला साधारण एक तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात हा एकच पेग मोटार वाहन कायद्याने घालून दिलेल्या, शंभर मिली रक्तात तीस मिलिग्रॅम, या मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचतो. लागोपाठचा दुसरा पेग ती ओलांडतो. संध्याकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत एका टेबलावर एक घोट, दुसऱ्यावर अर्धा पेला असे घेत जाणाऱ्या नोकराच्या शरीरात हे साचतच जाते. मद्याचा अंमल पहिल्याने चढतो तो पायांवर नव्हे, विवेकबुद्धीवर चढतो. त्यामुळे दुसऱ्याला पुरे झाले हे ओळखण्याची जी शक्ती या नोकराजवळ हवी, नेमकी तीच आधी मंदावते. आणि ती मंदावली आहे हे त्याचे त्याला कळत नाही. शिवाय रात्री सर्व गिऱ्हाइके गेल्यावर अंधाऱ्या रस्त्याने दुचाकीवरून घरी परतावयाचे असते ते त्यालाच.

या बाजूने बोलले की काही आक्षेप पुढे येतात. पहिला असा की, ज्याला चव ठाऊक नाही त्याने मिश्रण कसे करावे? हा आक्षेप आम्ही मान्य करतो, पण त्याच्या मर्यादेतच. आचारी आमटीची चव थेंब तळहातावर घेऊन पाहतो. त्यासाठी तो ताट वाढून घेत नाही. आपल्याच जिल्ह्यात पलूस येथे वाईन उद्योगासाठी स्वतंत्र औद्योगिक वसाहत उभारण्यात आली, आणि द्राक्षांपासून वाईन हा विषय सांगली-तासगावच्या बागायतदारांना नवा राहिलेला नाही. या व्यवसायात वाईन पारखणारे जाणकार दिवसभरात अनेक पेले तोंडाला लावतात. परंतु घोट तोंडात घोळवून ते तो थुंकून टाकतात. पारख हेच ज्यांचे पोट, तेच आपली जीभ शाबूत राहावी म्हणून गिळण्याचे टाळतात. तेव्हा चव घेणे निराळे आणि पिणे निराळे, हा भेद या धंद्यातील जाणत्यांनी कधीच करून ठेवलेला आहे.

दुसरा आक्षेप व्यक्तिस्वातंत्र्याचा. सज्ञान माणसाने काय प्यावे हे मालकाने का सांगावे, असे विचारले जाते. रजेच्या दिवशी घरी त्याने काय करावे यात मालकाने पडू नये हे आम्हांसही मान्य आहे. पण विमानाच्या वैमानिकाला उड्डाणापूर्वी बारा तास मद्य वर्ज्य असते, आणि त्यात आपल्या स्वातंत्र्यावर घाला आला असे कोणी वैमानिक म्हणत नाही. कारखान्यांच्या स्थायी आदेशांत कामाच्या जागी मद्यधुंद असणे हे जुन्या काळापासून गैरवर्तन मानले गेले आहे. शिवाय आपल्या राज्यात कडक मद्याचा परवाना पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यावाचून मिळत नाही. टेबलाशी धावणाऱ्या मुलांपैकी कित्येक विशीतलेच असतात. ज्याला प्यायला कायद्याची परवानगीच नाही, त्याच्या बाबतीत पिण्याच्या स्वातंत्र्याचा दावा कोण कोणासाठी करीत आहे?

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून मांडली जात नाही, पण आमच्या मते खरे दुखणे तेथेच आहे. हा नोकर पुष्कळदा स्वतःच्या इच्छेने पीत नसतो. रंगात आलेले गिऱ्हाईक 'अरे, एक माझ्याकडून घे' म्हणते. नाही म्हटले तर त्याचा मानभंग होतो, बक्षिसी जाते, प्रसंगी शिवी ऐकावी लागते. मालकाला तो पेग बिलात लागलेला हवाच असतो. काही ठिकाणी रात्री दुकान मिटल्यावर नोकरांना एकेक पेला देण्याचा प्रघात असतो आणि औदार्य म्हणून त्याचे कौतुकही होते. पगार थोडा, जागरण फार, जेवण अवेळी. त्यावर हा पेला म्हणजे उपकार. मजुरीच्या जागी मद्य देण्याचा हा प्रकार जगाला नवा नाही. दक्षिण आफ्रिकेतील द्राक्षमळ्यांत मजुरांना मजुरीचा भाग म्हणून वाईन देण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली; तिने मळेवाल्याला मिंधा मजूर दिला आणि मजुरांच्या मुलाबाळांना जन्मजात व्यंगे दिली. १९४९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने वेतनरक्षणाचा जो करार केला, त्याने कडक मद्याच्या रूपाने वेतन देण्यास कोणत्याही परिस्थितीत मज्जाव केला. त्याच करारात मद्यालयात पगार वाटू नये असेही कलम आहे, आणि त्याला एकच अपवाद ठेवावा लागला आहे, तो मद्यालयातच काम करणाऱ्यांचा. इतर कामगाराला दारूच्या दारापासून दूर ठेवून पगार देता येतो. या कामगाराचा पगारही तेथेच आणि मोहही तेथेच. इंग्लंडातील व्यवसायवार मृत्यूंच्या नोंदी पाहिल्या तर मद्यविक्रीच्या धंद्यातील माणसे मद्यजन्य विकारांनी मरणाऱ्यांत दीर्घकाळ वरच्या क्रमांकावर राहिली आहेत, यात मग आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी तीव्र होतो. मद्य पिण्याच्या जागी स्त्रियांना व पंचवीस वर्षांखालील पुरुषांना नोकरीस ठेवू नये, असे पंजाबच्या १९१४ च्या अबकारी कायद्याचे कलम होते. दिल्लीला लागू असलेले हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये घटनाबाह्य ठरविले. संरक्षणाच्या नावाखाली रोजगार हिरावून घेता येणार नाही. रोजगार राखून संरक्षण देणे हे शासनाचे काम, असा त्या निर्णयाचा आशय. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या डान्स बारविषयक कायद्याचा निकाल देतानाही न्यायालयाने बक्षिसी देण्यास मोकळीक दिली आणि पैसे उधळण्यास मात्र मनाई कायम ठेवली. यातून निघणारे तत्त्व स्पष्ट आहे. या कामात पैसा देणे योग्य, परंतु काम करणाऱ्या व्यक्तीचा मान आणि देह हा गिऱ्हाइकाच्या लहरीचा विषय नव्हे. गिऱ्हाइकाने आग्रह करून पाजलेला पेला हा त्या लहरीचाच एक प्रकार आहे, मग समोर स्त्री असो वा पुरुष.

म्हणून आमचे मत असे की, कामाच्या वेळी पाजणाऱ्याने पिऊ नये, हा नियम निरपवाद असावा. परंतु तो नोकराच्या आधी मालकावर बंधनकारक असावा. 'आमचे कर्मचारी कामावर मद्य घेत नाहीत. त्यांना आग्रह करू नये' अशी पाटी दर्शनी भागी लावली, तर नकार देण्याचे ओझे नोकराच्या शिरावरून उतरून दुकानाच्या शिरावर जाते. गिऱ्हाइकाला औदार्य दाखवावयाचेच असेल तर पेग ऐवजी त्याचे पैसे द्यावेत. नोकरनाम्याची नोंद करून घेणाऱ्या उत्पादन शुल्क खात्याने ही अट परवान्याबरोबर तपासावी, आणि अटीचा भंग झाल्यास प्रथम जाब परवानाधारकास विचारावा. रात्रपाळीला वेळेवर जेवण आणि घरी पोहोचण्याची सोय, ही कोणत्याही कारखान्यात मागितली जाणारी गोष्ट येथेही मागितली जावी. आणि ज्याला या नोकरीतच व्यसन जडले, त्याला दुसऱ्या दिवशी हाकलून देऊन मालकाने हात झटकू नयेत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगणसारखी संस्था व्यसन हा उपचाराचा विषय आहे हे दाखवून देत आली आहे. त्या उपचाराचा भार धंद्याने उचलावा.

संपूर्ण दारूबंदी हवी असे मानणारा मोठा वर्ग आपल्या वाचकांत आहे, आणि ज्यांना ती अव्यवहार्य वाटते असाही वर्ग आहे. हा वाद आज मिटणार नाही. परंतु जोवर शासन परवाने देते आणि त्यांचा महसूल तिजोरीत भरते, तोवर त्या परवान्याखाली राबणाऱ्या मुलाची जबाबदारी दोन्ही पक्षांना टाळता येणार नाही. तो मुलगा बहुधा जवळच्याच एखाद्या खेड्यातून आलेला असतो. घरी त्याची आई रात्री जागी असते, आणि त्याने शुद्धीवर घरी यावे एवढीच तिची अपेक्षा असते. साच्यावरील कामगाराबद्दल जी काळजी माधवनगरसारख्या गिरणगावाला न सांगता कळत होती, तीच काउंटरमागच्या कामगाराबद्दल आपण करावी, याहून अधिक आम्ही काही मागत नाही.