विषाणू दाखला पाहत नाही

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची सरकारी तपासणी ३० ते ६५ वर्षांच्या ‘स्त्रियां’साठी आहे. जन्मनोंदीत स्त्री, पण पुरुष म्हणून जगणारा, टेस्टोस्टेरॉन घेणारा पारलिंगी माणूस या एका शब्दापाशीच वगळला जातो. संप्रेरकाने दाढी येते, पाळी थांबते. गर्भाशयाचे मुख आणि त्याचा धोका मात्र जागेवरच राहतात.

“हे शहरी चोचले, गडचिरोलीत आधी स्त्रियांचे पाहा,” असे काही शहाणे सांगतील. स्त्रियांचे तरी कोणी पाहिले? डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांत केलेली पाहणी १९८९ साली ‘लॅन्सेट’ने छापली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते. पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीतही ३० ते ४९ वयाच्या शंभरांतील दोन स्त्रियासुद्धा या कर्करोगाच्या तपासणीपर्यंत पोचल्या नव्हत्या. दोघांनाही वाऱ्यावर सोडणारी व्यवस्था एकच आहे.

उपायही एकच आहे. संप्रेरकाने आतले आवरण पातळ होऊन उपकरणाची तपासणी अधिक दुखते. एचपीव्ही चाचणीचा नमुना मात्र स्वतःच घेता येतो. लाजेने वा अपमानाच्या भीतीने दवाखाना टाळणाऱ्या स्त्रीलाही तोच सोयीचा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रत्येक उपकेंद्रात ही चाचणी मोफत मिळालीच पाहिजे, आणि ती दाखल्यावरील लिंग पाहून नव्हे, गर्भाशयमुख असलेल्या प्रत्येकाला!