ध्रुवीकरणाला लागणारा वेळ

एम.ए.च्या उत्तरपत्रिकांत ‘ध्रुवीकरण’ हा शब्द आता ‘जागतिकीकरणा’इतकाच सवयीचा झाला आहे. ‘१९९० नंतर समाजाचे ध्रुवीकरण झाले आणि साहित्य बदलले’ असे एक वाक्य लिहिले की विद्यार्थी सुटतो, आणि आपणही गुण देऊन सुटतो. भौतिकशास्त्राचा शब्द उसना घेण्याला माझी हरकत नाही. तो घेताना त्यातला काळ वगळला जातो, याला आहे.

हा काळ किती गुंतागुंतीचा असू शकतो, हे ‘रिलॅक्सर फेरोइलेक्ट्रिक’ सिरॅमिकमध्ये दिसते. (यातल्या ‘फेरो’चा लोखंडाशी संबंध नाही, लोहचुंबकाशी असलेल्या साम्यावरून पडलेले ते नाव, म्हणजे उपमाच! ‘रिलॅक्सर’चाही आरामाशी संबंध नाही, ढळलेल्या स्थितीतून समतोलाकडे सावकाश जाणे, म्हणजे शिथिलन, त्यामागे आहे.) स्मोलेन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात लेनिनग्राडमध्ये अभ्यासलेले लेड मॅग्नेशियम नायोबेट हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यात मॅग्नेशियम आणि नायोबियम एकाच प्रकारच्या जागांवर, एकास दोन या प्रमाणात, पण बरेचसे अनियमितपणे बसतात. दोघांचे विद्युतभार वेगळे. त्यामुळे जागोजागी स्थानिक क्षेत्रे निर्माण होतात आणि काही नॅनोमीटर आकाराचे ध्रुवीय प्रदेश आपापली दिशा धरून राहतात. सगळ्यांची बेरीज मात्र जवळजवळ शून्य.

बाहेरून विद्युतक्षेत्र लावले की काही प्रदेश क्षणार्धात वळतात, काहींना मिनिटे लागतात, काहींना तास. सर्वांना मिळून एकच शिथिलनकाल सांगता येत नाही. पुरेशा थंड केलेल्या नमुन्यात तर, क्षेत्र योग्य तीव्रतेचे असेल, तर विलक्षण प्रकार घडतो: बराच वेळ फारसे काही होत नाही, आणि मग बाहेरचे काहीही बदललेले नसताना ध्रुवीकरण झपाट्याने वाढते. पुढे क्षेत्र काढून घेतले तरी ते टिकते. मोडायचे तर पदार्थ तापवावा लागतो.

अशा रेंगाळण्याचे कुतूहल जुने आहे. लायडन बरणीत मागे उरणारा विद्युतभार कसा ओसरतो, याचे सूत्र रुडॉल्फ कोलराउश यांनी १८५४ मध्ये मांडले. रिलॅक्सरच्या आलेखांना ते आजही लावून पाहिले जाते.

माणसे म्हणजे अणू नव्हेत, हे कबूल. नायोबियमला मत नसते, आणि समाजावरचे क्षेत्र पुष्कळदा समाजच निर्माण करतो. पण म्हणूनच तर ‘झाले’ या एका क्रियापदावर भागू नये. ज्या वर्षांत काहीच घडत नव्हते असे आपण शिकवतो, त्या वर्षांतल्या कथा-कविता पुन्हा वाचाव्या लागतील.

यंदा हा शब्द उत्तरपत्रिकेत आला, तर समासात दोनच प्रश्न लिहिणार आहे: किती काळात? आणि आधी कोणाचे?