अपुरी वाट, पूर्ण पुस्तक

संपूर्ण वाट न चाललेल्याने तिच्यावर पुस्तक लिहू नये, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटत नाही. सुमारे ३,५०० किलोमीटरच्या अ‍ॅपलाचियन ट्रेलपैकी बिल ब्रायसन निम्मीही चालले नाहीत. तरीही परदेशी बुरशीने अमेरिकी चेस्टनटची झाडे कशी संपवली आणि सेंट्रेलिया गावाखाली १९६२पासून कोळसा कसा धुमसतो आहे, हे त्यांच्या ‘अ वॉक इन द वुड्स’ (१९९८)मध्ये वाचायला मिळते. नुसते अंतर कापून हे कळत नाही; त्याला अभ्यास लागतो. शेरिल स्ट्रेड यांनी १९९५मध्ये पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर सिएरा नेवाडाचा मोठा टप्पा बर्फामुळे गाळला आणि ‘वाइल्ड’मध्ये तसे स्पष्ट लिहिले.

अशा पुस्तकांमुळे नवखे लोक तयारीविना निघतात, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. पण उचलता न येणारी पाठपिशवी, स्टोव्हसाठी घेतलेले चुकीचे इंधन, घट्ट बुटांनी गळालेली पायांची नखे हे सारे स्ट्रेड यांनी लपवलेले नाही. नीट वाचणारा यातून सावधच होईल. लेखक किती चालला यापेक्षा त्याने किती पाहिले आणि किती खरे सांगितले, यावरच पुस्तक जोखावे.

– एक वाचक