घरापासूनचे तास मोजा




नांदेड आणि अकोल्याजवळचे शिवणी या दोन विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे 170 किलोमीटर. एटीआरसारख्या छोट्या विमानाला चाळीसेक मिनिटे पुरतील. मोबाइलवर हे आकडे दिसले की आमच्याकडे 'हे दोन विमानतळ जोडा' अशी चर्चा सुरू होते. हिंगोली जिल्ह्याचा रहिवासी म्हणून माझा या मागणीला स्पष्ट विरोध आहे.

नकाशावर या दोन ठिकाणांमध्ये सरळ रेघ ओढली तर ती हिंगोली शहराला जवळजवळ खेटून जाते. म्हणजे आम्ही आधी सव्वाशे किलोमीटरवरच्या अकोल्याला जायचे, दीड तास आधी विमानतळावर हजर व्हायचे आणि आपल्याच गावावरून उडून नांदेडला उतरायचे. तेच नांदेड हिंगोलीहून रस्त्याने जेमतेम 90 किलोमीटर आहे. अकोलेकरांचाही फारसा वेळ वाचणार नाही. उड्डाणाच्या मागचा-पुढचा वेळ धरला तर तेवढ्यात मोटारीने नांदेड जवळ आलेले असते. शिवणीची धावपट्टी वाढवण्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आहे. ते जरूर व्हावे, पण मुंबई-पुण्यासाठी.

गेल्या वर्षी आईला हृदयाच्या तपासणीसाठी नांदेडहून विमानाने हैदराबादला नेले. सेनगावजवळच्या आमच्या गावातून पहाटे जीप, हिंगोलीला एसटी, नांदेडच्या बसस्थानकावरून ऑटो. रिपोर्टांची पिशवी आईने वाटभर मांडीवरून खाली ठेवली नाही. शमशाबादला उतरल्यावर शहरात शिरायला आणखी तास लागला. घराच्या उंबऱ्यापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत नऊ तास गेले, त्यातला हवेतला जेमतेम एक. उरलेल्या आठ तासांचा हिशेब कोणत्याही वेळापत्रकात नसतो.

27 एप्रिल 2017 रोजी 'उडान' योजनेतल्या पहिल्या विमानसेवा सुरू झाल्या, त्यांत नांदेड-हैदराबाद होती. पुढे ती बंद पडली. 2024 मध्ये नांदेडहून पुन्हा विमाने सुटू लागली. या योजनेत कंपनीला तूट भरून देणारे अनुदान साधारण तीन वर्षांचे असते. तेवढ्या मुदतीत विमानाला हक्काचा प्रवासी मिळाला नाही तर सेवा टिकत नाही. हा प्रवासी हिंगोली, वसमत, कळमनुरीत आहे. हळदीचे व्यापारी, बाहेर शिकणारी मुले, उपचाराला निघालेले रुग्ण यांना विमानतळापर्यंत सुखाने पोचवले तरच तो मिळेल.

म्हणून मागणी साधी आहे. विमानांच्या वेळा धरून हिंगोली आगारातून थेट नांदेड विमानतळाच्या दारापर्यंत एसटी सोडावी. विमानाला उशीर झाला तर परतीच्या गाडीने थांबावे. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला येणाऱ्या अनेक शीख भाविकांच्या मनात हिंगोलीजवळचे संत नामदेवांचे नर्सी असते. तीच गाडी त्यांनाही उपयोगी पडेल. एक नवा हवाई मार्ग पोसायला लागणाऱ्या पैशाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा सरकार जवळ येईल अशी आशा होती. ती जवळीक आम्हाला रस्त्यावरच्या तासांत दिसली पाहिजे. यापुढे कोणताही हवाई मार्ग ठरवताना माणूस घरातून किती वाजता निघतो, हे आधी विचारावे.

— एक वाचक, ता. सेनगाव, जि. हिंगोली