अंधाराचें श्रेय

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडली, म्हणजे सुटींतील एखादा प्रसंग विद्यार्थ्यांकडून निबंधरूपानें लिहवून घ्यावा, ही माझी जुनी खोड आहे. यंदा नववीच्या निबंधांत एकच विषय पुनःपुन्हां आला. मे महिन्याच्या अखेरीस, नवतपा ऐन भरांत असतां, एके सायंकाळीं वावटळ सुटली, तारा तुटल्या, आणि आपल्या भागांतील वीज गेली ती दुसऱ्या दिवशीं दुपारीं आली. ज्यांनीं या रात्रीविषयीं लिहिलें, त्यांपैकीं बहुतेकांनीं ती सुटींतील सर्वांत आनंदाची रात्र ठरविली आहे.

माझ्या घरींही तसेंच घडलें, हें मला कबूल केलें पाहिजे. कूलर बंद पडतांच निरनिराळ्या खोल्यांतून सारीं माणसें बाहेर आलीं. माळ्यावरचा कंदील काढला, पण त्यांत घालावयास राकेल कोठें? मेणबत्ती वाऱ्यापुढें टिकेना. शेवटीं अंगणांत बाजा टाकल्या आणि माठांतलें पाणी पुरवून पुरवून प्यालों. सायंप्रार्थना आमच्या घरीं रोज होते. परंतु अलीकडे मुलें गीताचे शब्द मोबाईलच्या पडद्यावर पाहून गातात, आणि शेवटचें कडवें संपण्यापूर्वींच त्या पडद्यावर दुसरेंच कांहीं आलेलें असतें. त्या रात्रीं मोबाईलही निपचित पडले होते. तेव्हां माझी वृद्ध आई रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें एक भजन म्हणूं लागली. (हे टिळक 1895 मध्यें ख्रिस्ती झाले, त्यापूर्वीं कांहीं काळ ते आपल्याच लोहमार्गावरील राजनांदगांवीं होते, हें पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसेल.) आईला सारीं कडवीं पाठ, मला दोन, मुलांना केवळ धृपद! मग तिनें उत्तरेकडे बोट दाखवून म्हटलें, "तें बघा खाटलें. चार तारे त्याचे पाय, आणि मागचे तीन तें चोरून नेणारे चोर." माझ्या कन्येनें सप्तर्षि पुस्तकांत वाचले होते, आकाशांत पाहिले ते प्रथमच. "आजी, हें तूं आधीं कां नाहीं सांगितलेंस?" असें तिनें विचारलें. "तुम्ही बाहेर कधीं येतां, बाळा?" एवढेंच आई म्हणाली.

इतकें सुख भोगूनही, तें अंधारानें दिलें हा विद्यार्थ्यांचा सिद्धांत मला मान्य करवत नाहीं. त्याचें कारण त्याच गठ्ठ्यांतील एक निबंध. तो अवघ्या अकरा ओळींचा आहे. एका मुलीनें लिहिलें आहे कीं, तिचा सहा महिन्यांचा भाऊ त्या रात्रीं उकाड्यानें सारखा रडत होता. पत्र्याचें घर, अंगण नाहीं, दारापुढें रस्ता. आईनें रात्रभर त्याला पुठ्ठ्यानें वारा घातला, आणि पहाटे चार वाजतां ती नेहमीप्रमाणें तेंदूचीं पानें तोडावयास जंगलांत गेली. कारण पानांचा हंगाम थोड्या दिवसांचा, आणि ऊन चढल्यावर तोडणी होत नाहीं. निबंध थोडक्यांत आटोपला म्हणून मीं प्रथम तिचे दोन गुण कापले होते. ते मागाहून परत दिले.

अंधार तोच, रात्र तीच. आमच्या घरीं अंगण होतें, भरलेला माठ होता, दुसऱ्या दिवशीं सुटी होती, आणि सर्वकांहीं पाठ असलेली आजी होती. श्रेय द्यावयाचें तर यांना द्यावें. अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहराचें उदाहरण पाहा. तेथें 1965 च्या नोव्हेंबरांत सारी रात्र वीज नव्हती, तेव्हां लोक बहुतांशीं शांतपणें व परस्परांस साह्य करीत राहिले. पुढें 1977 च्या जुलैंत त्याच शहरीं पुन्हां अंधार झाला, तेव्हां हजारावर दुकानें लुटलीं वा मोडलीं गेलीं आणि तीन हजारांहून अधिक लोकांस अटक झाली. अंधारांत माणसें जवळ येण्याचा गुणच असता, तर असें कां व्हावें?

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रांत 2005 च्या सुमारास भारनियमनानें कडक रूप घेतलें आणि तें कित्येक वर्षें चाललें. मुंबई त्यांतून सुटली. विदर्भांतील खेड्यांस मात्र रोज तासन्‌तास विजेवांचून काढावे लागले. मी तेव्हां नवा शिक्षक होतों. त्या काळच्या निबंधांत अंधाराचें गुणगान केलेलें मला एकही आठवत नाहीं. धानाला पाणी द्यावयास मध्यरात्रीं पंप सुरू करण्यास जाणारे वडील, आणि तेथें साप निघाल्याची वार्ता, असेंच सारें असे. आज आपल्याच जिल्ह्यांत तिरोड्यास 660 मेगावॉटचे पांच संच कोळशावर चालतात, म्हणजे एकूण 3300 मेगावॉट! त्यांच्या उंच तारा आपल्या शेतांवरून दूर पश्चिमेकडे जातात. वीज वर्षांतून एखादे रात्रीं जाते म्हणूनच तिचें जाणें आपणांस गोड लागतें.

आईनें विचारलेला प्रश्न मात्र अद्याप शिल्लक आहे. दिवे असतांना बाहेर यावयास आम्हांस कोणीं मना केलें होतें? आतां आमच्या घरीं रविवारीं रात्रीं बाजा अंगणांत पडतात. पहिल्या दोन रविवारीं मुलें कुरकुरलीं, तिसऱ्या रविवारीं पाऊस आला.

दुसरी गोष्ट सांगावयास मला संकोच वाटतो. आपल्या शाळेच्या सभागृहास इन्व्हर्टर आहे. त्यावर सहा पंखे कांहीं तास चालतात. त्या रात्रीं तें सभागृह कुलुपांत होतें, आणि त्याची किल्ली माझ्याच घरीं खुंटीला टांगलेली होती. आम्ही अंगणांत तारे मोजीत होतों, त्या खुंटीपासून पंधरा पावलांवर. येत्या उन्हाळ्यांत अशा रात्रीं तान्हीं मुलें व वृद्ध माणसें यांच्यासाठीं सभागृह उघडें ठेवावें, अशी लेखी विनंती मीं मुख्याध्यापकांकडे दिली आहे. रात्रीं तेथें थांबण्यास आळीपाळीनें दोघे पालक लागतील. ज्यांची तयारी असेल, त्यांनीं आपलें नांव शाळेच्या कचेरींत नोंदवावें.