नकाराचा कर्ता कोण?

'जोडणी नाकारण्यात आली.' व्याकरणाच्या तासाला हे वाक्य फळ्यावर लिहिले, तर चौकस विद्यार्थी लगेच विचारेल, कोणी नाकारली? क्रिया आहे, कर्म आहे. कर्ता मात्र पडद्याआड. सरकारी पत्रांनी ह्या रचनेची आपल्याला इतकी सवय लावली आहे की त्यातली पळवाट आता खटकतही नाही. ग्रंथालयातल्या संगणकावर एखादी संशोधनपत्रिका उघडू पाहणाऱ्या विद्यार्थ्यासमोर असेच निनावी वाक्य उमटते, तेव्हा तो रिकामी राहिलेली कर्त्याची जागा स्वतःच भरतो. 'माझेच काहीतरी चुकले असणार' असे म्हणून तो उठून जातो. वाचायचे राहिलेले राहूनच जाते. म्हणून प्रॉक्सी सर्व्हरच्या त्रुटींचा विषय केवळ तंत्रज्ञांवर सोपवून भाषेच्या अभ्यासकांनी मोकळे होऊ नये, असे मला वाटते.

प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार. ब्राउझर आपली मागणी थेट संकेतस्थळाकडे न धाडता त्याच्या हाती देतो; तो ती पुढे नेतो आणि उत्तर आणून देतो. सगळी ये-जा एकाच दाराने व्हावी, तिची नोंद राहावी, काही स्थळे बंद ठेवता यावीत, म्हणून संस्था असा मुखत्यार नेमतात. 1996 पासून उपलब्ध असलेले 'स्क्विड' हे त्यासाठीचे प्रसिद्ध सॉफ्टवेअर. 1999 साली आलेले 'ईझीप्रॉक्सी' वेगळ्या कामाचे. ग्रंथालयाने वर्गणी भरलेली नियतकालिके घरून वाचता यावीत, म्हणून ते वाचकाची मागणी संस्थेच्या पत्त्यावरून पुढे पाठवते. दोन्ही ठिकाणी व्यवहारात किमान तीन पक्ष असतात: वाचक, मुखत्यार आणि मूळ स्थळ. नकार ह्यांपैकी कोणत्या टप्प्यावर उपजला, हे ओळखणे म्हणजेच निम्मी दुरुस्ती.

पहिली शक्यता अशी की मागणी मुखत्यारापर्यंत पोहोचलीच नाही. फायरफॉक्स अशा वेळी 'प्रॉक्सी जोडण्या नाकारत आहे' ह्या अर्थाचा संदेश देतो. पुष्कळदा तो नकार नसतो, गैरहजेरी असते: प्रॉक्सीचा प्रोग्रॅम बंद पडलेला असतो किंवा पत्ता वा पोर्ट चुकलेला असतो. महाविद्यालयात भरलेली प्रॉक्सीची सेटिंग लॅपटॉपबरोबर घरी येते आणि घरी एकही पान उघडत नाही, हे ह्याचेच नेहमीचे उदाहरण. घरी ती सेटिंग बंद करावी. महाविद्यालयात पत्ता आणि पोर्टचा आकडा (बहुधा 3128 किंवा 8080) अक्षरशः ताडून पाहावा.

दुसऱ्या टप्प्यावर मुखत्यार स्वतः बोलतो. 407 ह्या आकड्याचा अर्थ, 'आधी ओळख पटवा.' पासवर्ड बदललेला असतो आणि ब्राउझर मात्र साठवलेला जुनाच पुढे करत राहतो. तो पुसून नवा द्यावा. 403 म्हणजे 'मज्जाव', पण हा मज्जाव मुखत्याराचाही असू शकतो आणि मूळ स्थळाचाही. तिसऱ्या टप्प्यावर मुखत्यार दुसऱ्याची हकिगत सांगतो. 502 म्हणजे पुढून धड उत्तर मिळाले नाही. 504 म्हणजे वेळेत मिळाले नाही. येथे आपल्या सेटिंगशी झटापट करून उपयोग नसतो. थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. संशय राहिल्यास दोन चाचण्या पुरतात. त्याच प्रॉक्सीतून दुसरे स्थळ उघडते का? आणि तेच स्थळ मोबाइलच्या जोडणीवरून उघडते का?

ही रीत मराठीच्या अभ्यासकाला परकी वाटू नये. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती प्रतींमध्ये शिरलेले अपपाठ दूर करून. मूळ ग्रंथकार आणि वाचक ह्यांच्या मध्ये अनेक लेखनिकांचे हात असतात. दोष कोणत्या हाताचा, हे ठरवल्यावाचून पाठचिकित्सा होत नाही. एचटीटीपीच्या मानकानेही प्रत्येक प्रॉक्सीला आपण मध्ये होतो अशी नोंद 'व्हाया' ह्या मथळ्यात करायला सांगितले आहे. मात्र ही नोंद सामान्य वाचकाच्या पडद्यावर येत नाही.

आणखी एक अडचण अशी की आज बहुतेक संकेतस्थळे सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएस जोडणीची आहेत. अशा स्थळाला प्रॉक्सीने मज्जाव केला आणि कारणाचे पान जोडून दिले, तरी ब्राउझर ते पान दाखवत नाही. मधल्या माणसाचे बोलणे मूळ स्थळाच्या नावावर खपू नये, ही त्यामागची रास्त काळजी. त्यामुळे सावधगिरीपोटी का होईना, कारण गिळले जाते आणि कर्ता पुन्हा अदृश्य होतो. प्रमाणपत्राची तक्रार आली, तर संगणकाचे घड्याळ आधी तपासावे. ते बरोबर असेल, तर मध्ये कोणी मोहोरबंद पाकीट उघडत आहे का, ह्याची विचारणा केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग नकार द्यावा कसा? ह्याचा एक नमुना उपलब्ध आहे. टिम ब्रे ह्यांनी मांडलेला 451 हा आकडा फेब्रुवारी 2016 मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झाला. पुस्तके जाळणाऱ्या समाजाविषयीच्या रे ब्रॅडबरी ह्यांच्या 1953 सालच्या 'फॅरनहाइट 451' ह्या कादंबरीची ती आठवण आहे. कायद्याच्या कारणाने मजकूर अडवला, तर मागणी कोणाची, कोणत्या कायद्याखाली आणि अडथळा प्रत्यक्षात कोणी घातला, हे सांगावे, अशी अपेक्षा ह्या मानकात आहे. बंदीला विरोध करणे हा निराळा प्रश्न. पण बंदीवर नाव घालायला लावणे, ही लहान गोष्ट नव्हे.

हीच अपेक्षा आपण आपापल्या संस्थांकडून का करू नये? पडद्यावर कारण दाखवता येत नसेल, तर ग्रंथालयात प्रत्येक संगणकाशेजारी एक मराठी कागद लावता येतो: कोणता आकडा कोणाचा, उपाय काय, विचारायचे कोणाला, कोणती स्थळे बंद आहेत आणि ती कोणाच्या निर्णयाने. हा कागद लिहिण्याचे काम मराठी विभागाचे आहे, असे मी मानतो. कर्ता सांगणारे वाक्य कसे लिहावे, हे आपणच तर शिकवतो.