ढिगारा कोण उपसणार?
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे दगडमातीखाली गाडली गेली. ‘लातूर पॅटर्न’ मात्र डॉक्टर-अभियंतेच घडवीत राहिला. ढिगारा उपसणारा, आग विझविणारा जाणता तरुण घडविण्याची निकड आमच्या शिक्षणसम्राटांना वाटली नाही. शेतकऱ्यांची पोरे पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. कायदा, अग्निशमन, अंतर्गत सुरक्षा हे विषय त्यांना तालुक्याच्या महाविद्यालयात पदवीसाठी का मिळू नयेत? गुजरातने २००९ साली रक्षाशक्ती विद्यापीठाचा कायदा केला; २०२० मध्ये त्याला राष्ट्रीय दर्जा लाभला. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय तर १९५७ पासून आपल्याच नागपुरात आहे! निजामाशी झुंजलेल्या स्वामी रामानंद तीर्थांचे नाव मिरविणाऱ्या नांदेडच्या विद्यापीठाने निदान एका ग्रामीण महाविद्यालयात हा अभ्यासक्रम सुरू करावा. निधीची रड नको; मैदाने आहेत आणि शिकवू शकतील असे निवृत्त फौजदारही.